मेद आणि मज्जा : मूलपेशींची दोन घरे

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही प्रामुख्याने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. आयएनए मेट्रो स्थानक तिच्या लगत आहे आणि तेथून पुढचेच स्थानक 'एम्स', म्हणजे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशाच्या कानाकोपऱ्यातून, विदर्भ-मराठवाड्यातूनही, रुग्ण येतात. त्याच परिसरात, अन्सारी नगरात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे म्हणजे आयसीएमआरचे मुख्यालय आहे. मूलपेशींवरील महत्त्वाचे प्रयोग जेथे होतात आणि त्या प्रयोगांचे नियम जेथे लिहिले जातात, ती दोन्ही ठिकाणे अशी या वसाहतीच्या शेजारी आहेत.

तरीही निवृत्तीच्या उंबरठ्यावरील एखाद्या कर्मचाऱ्याचा गुडघा दुखू लागला किंवा घरातील कोणाला पक्षाघात झाला, की त्याच्या हाती प्रथम पडते ती बहुधा एखादी जाहिरात. 'तुमच्याच पोटावरील चरबीतून मूलपेशी काढून त्याच दिवशी उपचार' असे एक केंद्र सांगते, तर दुसरे 'अस्थिमज्जेतील मूलपेशीच अस्सल' असा दावा करते. दोन्हींचा खर्च मोठा असतो आणि तो भागविण्यासाठी अनेकदा आयुष्यभराची मुदत ठेव मोडावी लागते. म्हणूनच या दोन पेशींमध्ये साम्य कोणते, भेद कोणता आणि त्यांच्याविषयी आजवर काय सिद्ध झाले आहे, हे समजून घेणे केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुरते उरलेले नाही.

मूलपेशी म्हणजे काय?

शरीरातील बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, चेतापेशी संदेश वाहते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू पोहोचविते. मूलपेशी, अर्थात स्टेम सेल, मात्र दोन विशेष गुण राखून असते. ती स्वतःसारख्याच नव्या पेशी निर्माण करू शकते आणि योग्य संकेत मिळाल्यास विशिष्ट काम करणाऱ्या पेशीत रूपांतरितही होऊ शकते. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल कायम ठेवून व्याजावर घर चालविण्यासारखी ही व्यवस्था आहे.

भ्रूणातील मूलपेशींपासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी तयार होऊ शकते. प्रौढ शरीरातील मूलपेशींचे सामर्थ्य मर्यादित असते. त्या बहुधा आपल्या कुळातीलच पेशी घडवितात. मेद आणि अस्थिमज्जा ही अशा प्रौढ मूलपेशींची दोन घरे होत.

अस्थिमज्जेतील दोन कुळे

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथेच उद्भवतो. हाडांच्या पोकळीतील मऊ मज्जेत एक नव्हे, तर दोन भिन्न कुळांच्या मूलपेशी राहतात.

पहिले कूळ रक्तजनक मूलपेशींचे. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका या सर्व त्यांच्यापासून निर्माण होतात. टोरांटो येथील टिल आणि मॅक्युलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा दिला. याच पेशींच्या बळावर रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया अशा व्याधींवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले जाते. अमेरिकेचे डॉ. डोनल थॉमस यांना या कार्यासाठी १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. ही उपचारपद्धती दशकानुदशकांच्या अनुभवावर पारखलेली असून तिने असंख्य प्राण वाचविले आहेत.

दुसरे कूळ आधारऊतीतील मूलपेशींचे. त्यांना मेसेन्कायमल मूलपेशी म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० व १९७० च्या दशकांत मज्जेतील काही पेशी काचपात्राच्या तळाला चिकटून वाढतात आणि हाड तयार करू शकतात, हे दाखवून दिले. 'मेसेन्कायमल मूलपेशी' हे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ साली रूढ केले. या पेशी रक्त निर्माण करीत नाहीत. त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि मेद तयार होऊ शकतो.

रक्तजनक पेशींनी कमावलेला लौकिक अनेक जाहिरातींत नकळत किंवा जाणूनबुजून दुसऱ्या कुळाच्या खात्यावर जमा केला जातो. 'मूलपेशींनी रक्ताचा कर्करोग बरा होतो, मग गुडघा का नाही?' हा प्रश्न ऐकायला सयुक्तिक वाटतो. परंतु कर्करोगाच्या उपचारातील पेशी आणि गुडघ्यात टोचल्या जाणाऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. एका खात्यातील शिल्लक पाहून दुसऱ्या खात्याचा धनादेश वटत नाही, तसेच हे आहे.

मेदातील पेशींचा शोध

चरबी म्हणजे निव्वळ साठवलेले इंधन, अशी समजूत दीर्घकाळ होती. शरीरातून शोषून काढलेली चरबी शस्त्रक्रियेनंतर फेकून दिली जात असे. २००१ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा टाकाऊ चरबीतून निराळ्या केलेल्या पेशी हाड, कूर्चा, मेद व स्नायू यांच्या दिशेने वळविता येतात, असे प्रसिद्ध केले. मज्जेतील मेसेन्कायमल पेशींचे हे जणू चुलत घराणेच होते. तेव्हापासून 'मेद की मज्जा?' ही तुलना प्रयोगशाळांत सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. मेदात रक्तजनक मूलपेशींचा उपयोगी साठा नसतो. त्यामुळे रक्ताच्या व्याधींवर मेदातील पेशी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची जागा घेऊ शकत नाहीत. दोहोंची तुलना होते ती फक्त मेसेन्कायमल कुळापुरतीच.

पेशी काढण्याची रीत

मज्जा सहसा कमरेच्या हाडाच्या मागील कडेतून काढतात. तो भाग बधिर करून जाड सुई हाडात शिरविली जाते आणि पिचकारीने मज्जा ओढून घेतली जाते. मज्जा ओढताना काही क्षण तीव्र कळ येते आणि पुढे काही दिवस जागा दुखत राहते. प्रत्यारोपणासाठी बरीच अधिक मज्जा लागते व तेव्हा दात्याला पूर्ण भूल देतात. अलीकडे मात्र औषधाच्या साहाय्याने रक्तजनक पेशी रक्तप्रवाहात आणून यंत्राद्वारे त्या वेगळ्या करण्याची पद्धत अधिक रूढ झाली आहे.

मेद काढण्यासाठी पोट किंवा मांडीच्या त्वचेखाली बधिर करणारे औषध मिसळलेले क्षारयुक्त द्रावण सोडतात व बारीक नळीने चरबी शोषून घेतात. ती धुऊन, कोलॅजिनेज नावाच्या विकराने तिचे बंध सोडवून, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवितात. मेदपेशी वर तरंगतात आणि तळाशी दाट साका उरतो. या साक्यात मूलपेशी असतातच; पण रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी, पांढऱ्या पेशी आणि इतरही बरेच काही असते.

हा साका आणि प्रयोगशाळेत दोन-चार आठवडे वाढवून शुद्ध केलेल्या पेशी या दोन निराळ्या वस्तू होत. मज्जेच्या बाबतीतही यंत्रात फिरवून दाट केलेली मज्जा निराळी आणि तिच्यातून वाढविलेल्या मेसेन्कायमल पेशी निराळ्या. 'त्याच दिवशी उपचार' असे सांगणारी केंद्रे बहुधा साका किंवा दाट मज्जाच टोचतात. तिच्यात मूलपेशी नेमक्या किती आहेत, हे रुग्णाला सहसा सांगितले जात नाही.

संख्या आणि वय

संख्येच्या हिशेबात मेदाचे पारडे निःसंशय जड आहे. मज्जेतील केंद्रकयुक्त पेशींपैकी मेसेन्कायमल मूलपेशी साधारणतः दहा हजारांत एक ते एक लाखात एक एवढ्याच आढळतात. मेदाच्या साक्यात हे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक किंवा त्याहून काही अधिक असते. शिवाय मज्जा काही मिलीलीटरच घेता येते, तर चरबी त्याच्या कितीतरी पट काढता येते.

वयाचा परिणामही दोहोंवर सारखा होत नाही. वय वाढत जाते तशी मज्जेतील या पेशींची संख्या आणि विभाजनाची क्षमता दोन्ही घटतात. मेदातील पेशींवरही वयाचा परिणाम होतो; मात्र तो तुलनेने सौम्य असल्याचे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. प्रयोगशाळेत वाढविताना मेदातील पेशी अधिक पिढ्यांपर्यंत जोम टिकवितात.

केवळ संख्येवरून निर्णय घ्यावयाचा असता, तर वाद येथेच मिटला असता. परंतु पेशी किती आहेत याइतकेच त्या काय करतात, हेही महत्त्वाचे आहे.

स्वभावातील भेद

आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संस्थेने २००६ साली मेसेन्कायमल पेशी ओळखण्याच्या तीन किमान कसोट्या निश्चित केल्या. पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटली पाहिजे. तिच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रथिनखुणा असल्या पाहिजेत आणि रक्तपेशींच्या खुणा नसल्या पाहिजेत. आणि प्रयोगशाळेत तिच्यापासून हाड, कूर्चा व मेद या तिन्ही प्रकारच्या पेशी तयार झाल्या पाहिजेत. दोन्ही घरांतील पेशी या कसोट्यांस उतरतात.

तरीही त्या जुळ्या नव्हेत. सीडी १०६ ही खूण मज्जेतील पेशींवर आढळते, मेदातील पेशींवर सहसा नसते. सीडी ३६ चे नेमके उलट आहे. स्वभावाचेही तसेच. हाड आणि कूर्चा घडविण्यात मज्जेतील पेशी बहुतेक तुलनांत सरस ठरतात, तर मेदातील पेशींचा ओढा मेद घडविण्याकडे अधिक असतो. ज्या घरात वाढल्या, त्या घराची आठवण त्या जणू जपून ठेवतात. रोगप्रतिकार यंत्रणेला शांत करण्याचा गुण दोहोंत आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे, डॉ. वैजयंती काळे यांच्यासारख्या संशोधकांनी निरनिराळ्या प्रकारच्या मूलपेशींवर दीर्घकाळ काम केले. अशा मूलभूत संशोधनातून एक गोष्ट जगभर स्पष्ट होत गेली : पेशी कोठून आली, ती कशी वाढविली आणि कोणत्या वातावरणात ठेवली, यांवर तिचे वागणे अवलंबून असते.

या पेशी शरीरात नेमके काय करतात?

आरंभी कल्पना सरळ होती. जेथे हानी झाली तेथे मूलपेशी सोडावी, ती तेथे रुजेल आणि नवी ऊती उभी करील. प्रत्यक्षात शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशींपैकी बहुतांश फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. त्या नवे हाड किंवा नवा मेंदू बांधीत नाहीत. जाता जाता काही रासायनिक संदेश सोडतात, ज्यांमुळे दाह कमी होऊ शकतो आणि शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीला हातभार लागू शकतो.

ज्या कॅप्लान यांनी या पेशींना 'मूलपेशी' हे नाव दिले, त्यांनीच २०१७ साली ते नाव बदलावे, असे जाहीरपणे लिहिले. 'औषधी संदेश देणाऱ्या पेशी' असे त्यांना म्हणावे, ही त्यांची सूचना होती. कारण मूलपेशी हे नाव ऐकून रुग्णांची अपेक्षा भलतीकडे जाते, असे त्यांचे म्हणणे होते. 'झिजलेली कूर्चा पुन्हा उगवेल' हे आश्वासन या पार्श्वभूमीवर तपासून पाहिले पाहिजे.

कसोटीचे निकाल

प्रयोगशाळेतील गुण आणि रुग्णाला होणारा लाभ यांत अंतर असते. ते मोजण्याची खात्रीची रीत म्हणजे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेली चाचणी.

अशी एक महत्त्वाची चाचणी एम्सच्या पुढाकाराने झाली. प्रा. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली देशातील पाच केंद्रांत पक्षाघाताच्या १२० रुग्णांचा त्यात समावेश होता. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून दिल्या, इतरांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पेशी देणे सुरक्षित ठरले, परंतु सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. हा निकाल निराशाजनक असला तरी त्याचे मोल मोठे आहे. नुसत्या अनुभवकथनांवर विसंबले असते, तर जे रुग्ण एरवीही सुधारलेच असते त्यांचे श्रेय पेशींना दिले गेले असते.

मेद आणि मज्जा यांची समोरासमोर तुलना गुडघ्याच्या संधिवातावर अमेरिकेत झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४७५ रुग्णांचा विचार केला गेला. दाट केलेली मज्जा, मेदाचा साका, नाळेच्या ऊतीतील पेशी आणि तुलनेसाठी स्टेरॉइडचे साधे इंजेक्शन असे हे चार पर्याय होते. वर्षभराने सर्वच गटांतील वेदना कमी झाल्या होत्या. मात्र पेशींचा एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. मज्जा मेदाला हरवू शकली नाही, मेद मज्जेला हरवू शकला नाही आणि दोघेही स्वस्त इंजेक्शनच्या पुढे गेले नाहीत.

याचा अर्थ या पेशी निरुपयोगी आहेत असा नव्हे. प्रयोगशाळेत वाढवून, मात्रा ठरवून, गुणवत्ता तपासून तयार केलेल्या उत्पादनांना काही ठिकाणी मान्यता मिळाली आहे. बंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून तयार केलेल्या उत्पादनाला औषध महानियंत्रकांनी २०१६ साली बर्जर व्याधीतील पायांच्या गंभीर रक्तपुरवठा-अभावासाठी मर्यादित मान्यता दिली. विडी-सिगारेटशी निगडित असलेल्या या व्याधीत पाय कापण्याची वेळ येते. पुढे त्या मान्यतेची व्याप्ती वाढली आणि २०२२ साली गुडघ्याच्या संधिवातासाठीही मान्यता मिळाली. हे उत्पादन आणि त्याच दिवशी टोचलेली दाट मज्जा या दोन गोष्टी एकच मानता येणार नाहीत. अमेरिकेतही डिसेंबर २०२४ मध्ये मज्जेतील मेसेन्कायमल पेशींच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर लहान मुलांत उद्भवणाऱ्या एका गंभीर गुंतागुंतीसाठी.

मेदातील पेशींची कथा अधिक बोधप्रद आहे. क्रोन व्याधीतील भगंदरावर दात्याच्या मेदातील पेशींपासून बनविलेले एक औषध युरोपात २०१८ साली मान्य झाले. परंतु मान्यतेनंतरच्या मोठ्या चाचणीत ते अपेक्षेस उतरले नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने ते युरोपच्या बाजारातून मागे घेतले. मान्यता मिळणे ही परीक्षेची समाप्ती नसते, हे यातून दिसते.

स्वतःची पेशी म्हणून निर्धोक?

'पेशी तुमच्याच, मग धोका कसला?' हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. २०१५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन वयस्क महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या. तिघींचीही दृष्टी गेली वा अत्यंत क्षीण झाली. या उपचारासाठी प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले होते. २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात ही घटना प्रसिद्ध झाल्यावर जगभर खळबळ उडाली. स्वतःची वस्तूसुद्धा भलत्या ठिकाणी ठेवली तर अपाय करते. त्याखेरीज जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी आणि खात्रीचा उपचार घेण्यास होणारा विलंब हे धोकेही असतातच.

भारतातील नियम

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मूलपेशींविषयी २००७, २०१३ आणि २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातून 'उपचार' हा शब्द गाळून केवळ 'संशोधन' हा शब्द ठेवण्यात आला, हे सूचक आहे. २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य व्याधींसाठी रक्तजनक पेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर हा मान्यताप्राप्त चाचणीच्या चौकटीतच व्हावयास हवा. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी मूलपेशींपासून बनविलेली उत्पादने 'नवीन औषध' या व्याख्येत आणली. स्वमग्नतेसारख्या स्थितीत मूलपेशींचा वापर करण्याची शिफारस करता येत नाही, असे मत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली दिले.

'बँक' हा शब्द या क्षेत्रातही शिरला आहे, म्हणून त्याचाही उल्लेख आवश्यक ठरतो. २०१७ च्या तत्त्वांनुसार केवळ नाळेतील रक्ताच्या साठवणुकीला परवानगी आहे. मेद, दातातील गर इत्यादींच्या व्यापारी साठवणुकीला नाही. चरबीतील पेशी भविष्यासाठी जपून ठेवण्याची योजना कोणी पुढे केल्यास ग्राहकाने ही तरतूद स्मरावी.

पैशाचा हिशेब

विमा नियामकाने २०१९ साली आरोग्य विम्यासंबंधी जी सूत्रे घालून दिली, त्यांत मूलपेशी-उपचाराचा समावेश आधुनिक उपचारांच्या यादीत केला. मात्र तो रक्ताच्या व्याधींसाठी होणाऱ्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरताच. त्याच सूत्रांत 'असिद्ध उपचार' हे प्रमाणित अपवादांपैकी एक आहेत. म्हणजे मेदाचा साका गुडघ्यात टोचून घेतल्यास त्याचा खर्च विम्यातून मिळेल, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. तो खर्च बहुधा बचतीतून, ठेव मोडून किंवा कर्ज काढूनच करावा लागतो.

अशा वेळी ग्राहकाने पुढील प्रश्न लेखी स्वरूपात विचारावेत :

१. टोचल्या जाणाऱ्या पेशी मेदातील की मज्जेतील? त्या त्याच दिवशी काढलेल्या की प्रयोगशाळेत वाढविलेल्या? त्यांची संख्या व शुद्धता कोण तपासणार?

२. या विशिष्ट व्याधीसाठी या उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मान्यता आहे काय? असल्यास तिची प्रत मिळावी.

३. ही चाचणी असेल, तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीतील तिचा क्रमांक कोणता? ही नोंदणी २००७ साली सुरू झाली, २००९ पासून बंधनकारक आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते.

४. चाचणी असूनही पैसे का मागितले जात आहेत? संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रयोगाचे शुल्क घेणे नीतिनियमांत बसत नाही.

५. अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? नियमानुसार चाचणीतील सहभागामुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. खासगी 'पॅकेज' घेणाऱ्यास हे संरक्षण मिळत नाही.

पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर ठेव मोडण्याचा अर्ज भरण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. रक्कम मोठी असल्यास विमा कंपनीकडून दाव्याच्या पात्रतेविषयी आधी लेखी उत्तर मागवावे आणि प्रत्येक भरण्याची रीतसर पावती घ्यावी.

निष्कर्ष

मेदातील पेशी विपुल, काढावयास सोप्या आणि वयाला तुलनेने कमी नमणाऱ्या. मज्जेतील पेशी मोजक्या, परंतु हाड-कूर्चेच्या कामी अधिक कुशल आणि दीर्घ अभ्यासाच्या. मान्यताप्राप्त उत्पादनांच्या बाबतीत आजमितीस मज्जेचे पारडे जड दिसते. संशोधन चालू असल्याने ते पुढे बदलूही शकते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र पेशी कोणत्या घरची, यापेक्षा तिची परीक्षा झाली आहे की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ज्या व्याधीवर परीक्षा झालेला उपचार उपलब्ध आहे, तेथे तो प्रथम घ्यावा. जेथे उपचार अद्याप प्रयोगावस्थेत आहे, तेथे नोंदणीकृत चाचणीत विनाशुल्क सहभागी होणे हा सन्माननीय मार्ग आहे. त्यात रुग्णाचेही रक्षण होते आणि पुढील रुग्णासाठी ज्ञानही जमा होते. व्याधीने खचलेल्या कुटुंबाची आशा हीच अनेकांच्या व्यापाराचे भांडवल ठरते. तिचे रक्षण करावयाचे, तर कागद नीट वाचूनच सही करण्याची जी सवय बँकेच्या व्यवहारात अंगी बाणलेली असते, ती रुग्णालयाच्या दारातही सोडता कामा नये.